जुना ठसा, नवे नाणे

वाकोल्याच्या बाजारात भांड्यांचा व्यापार करणाऱ्या घरांना एक अनुभव ओळखीचा असतो. गिऱ्हाईक जुनी तांब्या-पितळेची भांडी मोडीत घालते, तेव्हा एखाद्या घंगाळाच्या तळाशी किंवा झाकण घट्ट बसलेल्या डब्यात चार-दोन तांब्याची नाणी राहून गेलेली असतात. काट्यावर त्यांचा भाव मोडीच्या तांब्याचाच. तरीही दुकानदार ती बाजूला काढतो, कागदात गुंडाळून गल्ल्याच्या मागच्या खणात ठेवतो, आणि वीस-पंचवीस वर्षांत त्या खणाचा नकळत एक संग्रह होतो. पुढे मुलगा किंवा पुतण्या तो खण उघडतो, तेव्हा त्याच्या तोंडी पहिला प्रश्न असतो : ही नाणी खरी की खोटी?

बाजाराला या प्रश्नाची दोनच उत्तरे ठाऊक असतात. नाणेशास्त्राला आणखी काही उत्तरे ठाऊक आहेत, आणि त्यांतील सर्वांत रंजक उत्तर ‘नक्कल’ हे आहे. नक्कल म्हणजे लबाडीच, असे गृहीत धरण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकात मुंबईपासून अमेरिकेपर्यंत तांब्याच्या नाण्यांच्या नकला उघडपणे केल्या गेल्या. काही सरकारी टांकसाळीत, काही हौशी कारागिरांच्या घरी. आज त्या नकलांचेच स्वतंत्र संग्रह होतात.

अशा खणात हमखास सापडू शकणाऱ्या एका नाण्यापासून आरंभ करावा. १८३५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने आपल्या सर्व हिंदुस्थानी मुलखासाठी एकसारखी नाणी सुरू केली. त्यांत तांब्याचा पाव आणा होता. एका बाजूस कंपनीचे सिंहांकित मानचिन्ह, दुसऱ्या बाजूस पानांच्या वलयात नाण्याची किंमत. हे नाणे लाखोंच्या संख्येने पाडले गेले, हातोहाती झिजले, काळवंडले. आजही ते दुर्मीळ नाही. पण कधीकधी हेच नाणे असे समोर येते की त्यात पाहणाऱ्याचा चेहरा दिसावा. अक्षरे धारदार, पृष्ठभाग आरशासारखा, झिजेचा मागमूस नाही. पावणेदोनशे वर्षांहून जुने नाणे असे कोरे कसे राहिले असेल?

बहुतेक वेळा उत्तर असे असते की ते तितके जुने नाहीच. मुंबई आणि कोलकाता येथील टांकसाळींनी जुने ठसे जपून ठेवले होते. संग्राहकाने मागणी केली की त्या ठशांवरून नाणे पुन्हा पाडून दिले जाई. संग्राहकांच्या भाषेत याला ‘रीस्ट्राइक’ म्हणतात. मराठीत पुनर्टंकित म्हणता येईल. १८३५ पासूनच्या बहुतेक नाण्यांची अशी पुनर्टंकने नियमितपणे पुरविली जात होती. ही पद्धत बंद झाली १ जुलै १९७० रोजी. म्हणजे ज्या नाण्यावर १८३५ हे साल आहे, ते प्रत्यक्षात स्वातंत्र्यानंतरही पाडलेले असू शकते. ठसा अस्सल, टांकसाळ अस्सल, धातूही तोच. खोटे आहे ते फक्त पाहणाऱ्याने सालावरून केलेले अनुमान.

ही नाणी ओळखण्याची विद्या सराफाच्या डोळ्याला परकी नाही. मूळ काळात खास काळजीने पाडलेल्या नमुना-नाण्यांच्या कडेला धातूची तारेसारखी बारीक धार उभी राहिलेली असते आणि चिन्हांचा उठाव किंचित मंद, अपारदर्शक दिसतो. आरंभीच्या पुनर्टंकनांत उठाव आणि मोकळी जागा दोन्ही सारखीच गुळगुळीत असतात, आणि भिंगाखाली थोड्या बारीक रेघा दिसतात. त्या नाण्याच्या नव्हेत, ठशाच्या. गंज काढण्यासाठी जुना ठसा घासला की घासल्याच्या खुणा त्याच्यात उतरतात आणि त्या प्रत्येक नाण्यावर उमटतात. अलीकडच्या पुनर्टंकनांत या रेघा पुष्कळ, आणि चमक अशी की जणू नाण्याला रोगण दिले आहे. आणखी एक गंमत आहे. टांकसाळीतील कारागिराने कधी एका नाण्याचा दर्शनी ठसा आणि दुसऱ्याच नाण्याचा पाठीचा ठसा जोडला. असे जोडनाणे व्यवहारात कधी फिरलेच नाही. तरी ते सरकारी टांकसाळीतूनच बाहेर पडले. त्याला खरे म्हणावे की खोटे, यावर संग्राहकांत रात्र सरेपर्यंत वाद होऊ शकतो.

मुंबईच्या तांब्याचा हा धागा सातासमुद्रापार जातो. मुंबई इलाख्यासाठी कंपनीने १७९१ मध्ये बर्मिंगहॅमजवळच्या सोहो येथे, मॅथ्यू बोल्टन याच्या वाफेच्या यंत्रांवर तांब्याचे पैसे पाडून आणविले. त्यांच्या एका बाजूस कंपनीच्या गाठोड्यांवर मारले जाणारे व्यापारी चिन्ह आहे, आणि दुसऱ्या बाजूस तराजू. तराजूच्या दोन पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत ‘अदल’ अर्थात न्याय हा शब्द आहे. व्यापारी घराने देव्हाऱ्याशेजारी ठेवावे असे ते नाणे. अमेरिकेच्या संघसरकारच्या टांकसाळीतून तांब्याचा पहिला सेंट निघाला तो १७९३ मध्ये, म्हणजे मुंबईच्या या यंत्रनिर्मित पैशानंतर दोन वर्षांनी. पुढे त्याच बोल्टनच्या कारखान्यातून अमेरिकेच्या टांकसाळीला सेंटसाठी तांब्याच्या कोऱ्या चकत्याही जाऊ लागल्या. सोहोचा कारखाना मोडला तेव्हा, १८५० मध्ये, तेथील मालाचा लिलाव झाला. लंडनचा पदककार विल्यम टेलर याने त्यांतील कित्येक ठसे विकत घेतले आणि त्यांवरून संग्राहकांसाठी नाणी पुन्हा पाडून विकली. आपल्याकडील भांड्यांच्या साच्यांची हीच गोष्ट आहे. साचा विकला गेला की त्यातून पुढे काय निघेल, यावर मूळ मालकाची सत्ता उरत नाही.

अमेरिकेत या हौसेला भरती आली ती १८५७ नंतर. त्या वर्षी तेथील सरकारने तांब्याचा मोठा, जड सेंट बंद करून लहान सेंट आणला. लहानपणापासून मुठीत धरलेले नाणे डोळ्यांदेखत नाहीसे होऊ लागले, तेव्हा लोकांना त्याची किंमत कळली. जो तो जुने सेंट शोधू लागला. त्याही मागे जाऊन, स्वातंत्र्यापूर्वीच्या वसाहतींतील तांब्याची नाणी हवीशी झाली. ती मात्र इतकी थोडी होती की सामान्य संग्राहकाच्या हाती लागणे अशक्य. मग ठसे कोरणाऱ्या कारागिरांनी नकला पाडून द्यायला सुरुवात केली.

या नकलांत सर्वांत मनोवेधक आहे ती हिग्लीच्या तांब्याची. कनेक्टिकट वसाहतीतील सॅम्युएल हिग्ली याची स्वतःची तांब्याची खाण होती. १७३७ मध्ये त्याने स्वतःच नाणी पाडली आणि त्यांवर तीन पेन्स ही किंमत घातली. तेवढ्याशा तांब्याला तीन पेन्स कोण देणार, अशी कुरकुर झाली असे सांगतात. त्यानंतरच्या नाण्यांवर त्याने दुसरा मजकूर कोरला. आशय असा, की माझी किंमत तुम्हाला वाटेल तशी करा. आणि पाठीवर, मी चोख तांबे आहे. जगातील कोणत्याही सरकारने आपल्या नाण्यावर इतके सरळ बोलणे लिहिलेले नसेल. ही नाणी अत्यंत दुर्मीळ. मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे जॉन अ‍ॅडम्स बोलेन नावाचा ठसे कोरणारा होता. १८६० च्या दशकात त्याने हिग्लीच्या आणि अन्य जुन्या नाण्यांचे ठसे नव्याने कोरले आणि मोजक्या नकला पाडल्या. हात इतका तयार की काही नकला जाणकारांनाही चकवू लागल्या. काही ठसे पुढे इतरांच्या हाती गेले आणि त्यांचा उपयोग करून आणखी नाणी पडली. बोलेनने मात्र म्हातारपणी, १९०५ मध्ये, आपण काय काय पाडले याची यादी स्वतःच छापून प्रसिद्ध केली. आज बोलेनची नक्कल ‘बोलेन’ म्हणून मागितली जाते, आणि तिला चांगला दाम मिळतो. त्याच नकलेला मूळ हिग्ली म्हणून विकणारा सापडला तर बाजारातून उठतो.

याउलट दुसरे उदाहरण. अमेरिकेचा १८०४ सालचा मोठा सेंट फार थोड्यांकडे होता. १८६० च्या सुमारास कोणी तरी टांकसाळीतून टाकून दिलेला, गंजलेला १८०३ चा ठसा घेतला, त्यावरील साल बदलून १८०४ केले, पाठीसाठी १८२० चा ठसा जोडला आणि नाणी पाडली. कोणाचेही नाव त्यावर नाही, यादी नाही, कबुली नाही. संग्राहक आज याही नाण्याला ‘रीस्ट्राइक’ म्हणतात. पण तो शब्द येथे फार उदार आहे. एक ठसा बदललेला आणि दुसरा भलत्याच सालचा असताना पुन्हा पाडले ते काय? अमेरिकेने १९७३ मध्ये कायदाच केला की नाण्याची नक्कल करणाराने तिच्यावर ‘कॉपी’ हा शब्द स्पष्ट उमटवावा.

आता पुन्हा महाराष्ट्राकडे, शिवराईकडे. नकलेचा विचार शिवराईइतका कोणत्याच नाण्याने गुंतागुंतीचा केलेला नाही.

शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, तांब्याची शिवराई सुरू केली. एका बाजूस ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’. महाराज १६८० मध्ये निवर्तले, शिवराई मात्र थांबली नाही. पेशवाईतही तांब्याच्या पैशावर महाराजांचेच नाव राहिले. ठिकठिकाणच्या टांकसाळी सरकारचा परवाना घेऊन, ठरावीक रक्कम भरून, ठरावीक वजनाचे पैसे पाडीत. कोकणात नागोठणे आणि रेवदंडा येथे असे परवाने दिल्याची नोंद न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या नाण्यांवरील आपल्या निबंधात केली आहे. परवान्याविनाही पुष्कळांनी पैसे पाडले. ठसे कोरणारा अनेकदा निरक्षर असे. अक्षरे म्हणजे त्याच्या दृष्टीने आकृती. म्हणून कोठे ‘शिव’चे ‘सिव’ झाले, कोठे वेलांटी उलटली, कोठे ‘छत्रपति’चे शेवटचे अक्षर चकतीबाहेर राहिले. ज्या शिवराईवर मजकुराच्या दोन ओळींमध्ये दोन आडव्या रेषा असतात, तिला दुदांडी म्हणतात. ती उत्तरकालीन.

तर मग यांतली खरी शिवराई कोणती? महाराजांच्या हयातीत पडलेलीच, असे म्हटले तर बाजारात शिवराई म्हणून मिळणाऱ्या नाण्यांपैकी फारच थोडी उरतील. पण ज्या कुणब्याने १७८० मध्ये मीठ घेऊन दुदांडी शिवराई दिली, त्याच्या लेखी ती खरीच होती, आणि दुकानदाराच्या लेखीही. तिच्यात तांबे पुरे होते. ती नक्कल होती हे सर्वांना ठाऊक होते, आणि त्यात कोणाची फसवणूक नव्हती. महाराजांचे नाव आणि तांब्याचे वजन या दोन गोष्टींवर तिचा विश्वास उभा होता. वजन घटवून तेच नाव कोरणाऱ्या टांकसाळी मात्र सरकारच्या रोषास पात्र झाल्या.

या नाण्यांचा पहिला शिस्तबद्ध अभ्यास कोणी केला, हे वाचून कित्येकांना नवल वाटेल. जस्टिन अ‍ॅबट हे अमेरिकन मराठी मिशनचे धर्मोपदेशक. मराठी संतांच्या चरित्रांचे इंग्रजी भाषांतरकार म्हणून त्यांचे नाव अधिक परिचित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, शिवराई चलनातून ओसरत असताना, त्यांनी हजारो शिवराया तपासल्या. अक्षरांतील फेर, चिन्हे, रेषा यांवरून त्यांचे गट पाडले आणि रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात प्रबंध लिहिला. रानड्यांचा निबंधही त्याच संस्थेपुढे, त्याच सुमारास आला. ज्या देशातील हौशी लोक आपल्या जुन्या सेंटच्या नकला पाडण्यात गुंतले होते, त्या देशाचा एक माणूस मुंबईत बसून मराठ्यांच्या पैशावरील वेलांट्या मोजत होता. अ‍ॅबट यांनी ओबडधोबड, अशुद्ध, उशिराच्या नाण्यांना टाकाऊ ठरविले नाही, हे त्यांचे मोठे श्रेय. प्रत्येक चुकीचे अक्षर त्यांना एखाद्या टांकसाळीचा पत्ता वाटला. नंतरच्या काळात नाशिकजवळ अंजनेरी येथील नाणेशास्त्र संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या महेश्वरी आणि विगिन्स यांच्या ग्रंथापर्यंत ही वाट पोहोचते.

वाकोल्याच्या भूमीवरून तर ही सगळी नाणी पाळीपाळीने गेली आहेत. वाकोला हे साष्टी बेटावरील गाव. १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. वसईच्या मोहिमेनंतर मराठ्यांचा आला, आणि १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली. पस्तीस वर्षे हा मुलूख मराठ्यांचा होता, तेव्हा माहीमच्या खाडीच्या अलीकडे शिवराईचे राज्य आणि पलीकडे मुंबई बेटावर कंपनीचे. दोन्हीकडे व्यापार करणाऱ्याला दोन्ही पैशांचे वजन बोटांनी कळावे लागे.

हा इतिहास ठाऊक असला की एका प्रकारची फसवणूक चटकन ओळखता येते. गेली काही वर्षे घरोघरच्या मोबाइलवर एक संदेश फिरतो : रामदरबार, हनुमान किंवा कमळ असलेले ईस्ट इंडिया कंपनीचे तांब्याचे नाणे, साल १६१६, १७१७ किंवा १८१८, किंमत लाखांत. काहींवर ‘यूकेएल वन आणा’ अशी अक्षरे असतात. त्यांतील पहिल्या तिहींचा कोणताही अर्थ लागत नाही. १६१६ मध्ये मुंबई पोर्तुगीजांकडे होती. ती कंपनीच्या हाती आली १६६८ मध्ये. आण्याची किंमत लिहिलेली, कंपनीच्या मानचिन्हाची एकसारखी नाणी सुरू झाली १८३५ मध्ये, हे वर आलेच आहे. कंपनीने देवतांच्या प्रतिमा कधी उमटविल्याच नाहीत, असे मात्र कोणी सांगू लागला तर तेही खरे नव्हे. मद्रासकडील तिच्या सोन्याच्या होनांवर देवमूर्ती आहेत. रामदरबाराची ही तांब्याची नाणी मात्र कोणत्याही टांकसाळीची नक्कलसुद्धा नाहीत, कारण त्यांना मूळच नाही. पूजेसाठी, श्रद्धेने घेतलेली रामटंका ही वेगळी वस्तू आणि ती देवघरात शोभते. तिच्यावर कंपनीचे नाव घालून ऐतिहासिक नाणे म्हणून विकणे हा निराळा धंदा. या धंद्यात आणखी एक पायरी असते. ‘तुमचे नाणे आम्ही लाखांत घेतो, आधी शुल्क भरा.’ रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर निवेदन काढून सांगितले की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत बँकेचा काहीही संबंध नाही, आणि बँक असे कोणतेही शुल्क वा कमिशन घेत नाही. तरी अशा संदेशाला भुलून पैसे भरणारे व्यापारी घरांतूनही निघतात. नफ्याचा आकडा मोठा दिसला की काट्याची दांडी पाहण्याची सवय सुटते.

जैन समाजाला हा विषय परका नाही. तो आडनावांतच आहे. पारख, पारेख म्हणजे नाणे पारखणारा. नाणावटी म्हणजे नाणेवटाचा धंदा करणारा. दिल्लीच्या सुलतानांच्या टांकसाळीत काम केलेला ठक्कुर फेरू हा श्रीमाळ जैन. त्याने १३१८ मध्ये ‘द्रव्यपरीक्षा’ हा ग्रंथ रचला. कोणत्या नाण्यात किती चांदी, किती तांबे, बदल्यात काय भाव यावा, हे त्यात नाणेवार सांगितले आहे. आपल्या भावासाठी आणि पुत्रासाठी हे लिहिले, असे तो नमूद करतो. सहा शतकांनी हा ग्रंथ कोलकात्याच्या एका हस्तलिखितातून अगरचंद नाहटा आणि भंवरलाल नाहटा यांनी उजेडात आणला. घरातल्या माणसांना पारख शिकवण्यासाठी लिहिलेली ती एक वही होती, असे म्हटले तरी चालेल.

तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताचे जे पाच अतिचार गणले आहेत, त्यांत खोट्या वजनमापांच्या शेजारीच ‘प्रतिरूपक व्यवहार’ येतो. आचार्य पूज्यपादांच्या सर्वार्थसिद्धी टीकेत त्याचा अर्थ कृत्रिम हिरण्यादिकांनी, वंचना करून केलेला व्यवहार असा आहे. आणि हिरण्य म्हणजे रुपे इत्यादी व्यवहाराचे साधन, म्हणजे आजच्या भाषेत चलनच. ‘वंचना करून’ हे शब्द येथे फार महत्त्वाचे. कृत्रिम वस्तू बनविणे वा बाळगणे याला टीकेने दोष दिलेला नाही. दोष आहे तो व्यवहारातील फसवणुकीला. दिवाळीला पांढऱ्या धातूचा राणीछाप रुपया ‘पूजेचा’ म्हणून विकणारा येथे सुटतो. तोच रुपया चांदीच्या भावाने देणारा सापडतो. आणि १९६० च्या सुमाराचे पुनर्टंकन ‘१८३५ चे’ म्हणून, एक अक्षरही खोटे न बोलता, केवळ गप्प राहून देणारा? साल तर नाण्यावरच आहे. त्याने सांगितलेले नाही. व्यापारी घरांत खरी कसोटी येथे लागते.

असा प्रसंग कल्पावा. भावकीत वाटणी होऊन एका घराचा खण पुतण्याकडे आला आहे. एक तरुण संग्राहक तो आरशासारखा पाव आणा हातात घेऊन हरखला आहे, आणि त्याने स्वतःहून मूळ नमुना-नाण्याचा दाम सांगितला आहे. पुतण्या आत येऊन हळूच विचारतो, “काका, तो काहीच विचारत नाही. आपण कशाला सांगायचं?” काका म्हणतात, “सांगू नकोस. पाकीट उलटं करून त्याच्या हातात दे. तुझ्या आजोबांनी मागं लिहून ठेवलंय, ते वाचू दे त्याला.” पाकिटाच्या मागे एवढेच आहे : टांकसाळीतून मागवलेले, जुन्या ठशाचे, आणि पैसे भरल्याची तारीख. तरुण घेतो, पण अर्ध्याहून कमी दामात. पुतण्याचा हिशेब तेवढ्यापुरता तोट्याचा दिसतो, आणि तो तोटाच आहे. त्याला दुसरे गोड नाव देण्याची गरज नाही.

आजोबांनी ती ओळ लिहिली नसती, तर काकांनाही कळले नसते. संग्रहातील बहुतेक खोटेपणा असाच जन्मतो. घेणाऱ्याला सगळे ठाऊक असते. तो लिहून ठेवत नाही. दुसऱ्या पिढीला अर्धे आठवते, आणि तिसरी पिढी नाण्यावरचे साल वाचून भाव सांगते. कोणीच लबाडी केलेली नसते, तरी गिऱ्हाईक फसते. म्हणून प्रत्येक नाण्याला स्वतंत्र कागदी पाकीट असावे, आणि त्यावर नाणे कोठून आले, केव्हा, किती किमतीला, वजन किती ग्रॅम, नक्कल असल्यास ‘नक्कल’ किंवा ‘पुनर्टंकित’ हा शब्द, आणि शंका असल्यास ‘शंका’ हा शब्दही लिहावा. घरातील रोजमेळ ज्या अक्षरात लिहिला जातो त्याच अक्षरात लिहिले तर उत्तम. पुढच्यांना लिहिणारा ओळखता येतो.

ओतीव नकलाही अशा खणात निघतात. त्यांत खरे नाणे साच्यात दाबून त्यात धातू ओतलेला असतो. कडेला साच्याची शिवण दिसते, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या मऊ. शिवरायांच्या बाबतीत ही परीक्षा विशेष उपयोगी, कारण खरी शिवराई ठशाने मारलेली असते. तिची कड ओबडधोबड असली तरी अक्षरांच्या पायथ्याशी धातू ताणल्याची खूण राहते. डोळा तयार करायचा तर अस्सल नाणी पुष्कळ पाहावी लागतात. फोर्टमध्ये फिरोजशहा मेहता रस्त्यावर रिझर्व्ह बँकेचे नाण्यांचे संग्रहालय २००४ पासून आहे. वाकोल्याला लागूनच असलेल्या मुंबई विद्यापीठाच्या कलिना येथील विद्यानगरी परिसरात दिनेश मोदी यांच्या नावाने नाणेशास्त्राचे केंद्र उभे राहिले, ही येथील लोकांना सोयीची गोष्ट.

कायद्याचीही एक बाब ध्यानात ठेवावी. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू ठरते आणि ते परदेशी नेता येत नाही. परदेशातील मुलीला वा भाच्याला भेट म्हणून पाठवायचे झाले तरी हा नियम लागू होतो. येथे वय मोजायचे ते नाणे प्रत्यक्ष पडले त्या दिवसापासून. त्यावर छापलेल्या सालापासून नव्हे. पाकिटावरची नोंद येथेही उपयोगी पडावी. आणि घर खणताना वा शेतात नांगरताना नाणी सापडली, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यान्वये जिल्हाधिकाऱ्याला कळविणे बंधनकारक आहे.

राहता राहिली निगा. नाणे चकचकीत व्हावे म्हणून घरच्या स्त्रिया त्याला चिंच लावतात, किंवा भांडी घासण्याची पूड. हेतू चांगला, पण शंभर-दोनशे वर्षांत तांब्यावर चढलेला तपकिरी थर एका दुपारीत निघून जातो आणि पुन्हा येत नाही. नाणे खरे असूनही नकलेसारखे दिसू लागते. प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतील रसायनाने पावसाळ्यात तांब्यावर हिरवट चिकट लेप येतो, म्हणून ती टाळावीत. कागद कोरडा असावा, डब्यात आर्द्रता शोषणारी पुडी ठेवावी, आणि नाणे नेहमी कडेने धरावे. वर्षातून एकदा, चोपडापूजनाच्या आधी घराची आवराआवर होते तेव्हा, डबा उघडून प्रत्येक नाणे बाहेर काढावे, दोन्ही बाजू पाहाव्यात, आणि ज्या पाकिटावर अजून काही लिहिलेले नाही ते घरातील वडीलधाऱ्यांना विचारून त्याच दिवशी लिहून घ्यावे.